अधिक-उणे

कारखानीस सरांना युद्धाची तारीख हवी होती.
नुसतं साल नको, साल कुणीही सांगतं म्हणायचे.
तारीख. वार. सूर्य उगवला तेव्हा चंद्र कुठे.

सीवूड्स, सेक्टर अठ्ठेचाळीस, चौथा मजला,
गॅलरीला कबुतरांची जाळी,
जाळीपलीकडे नारिंगी आभाळ, ज्यात
गुरू तेवढा दिसतो, आणि विमानं.
मी तासाला दीडशे रुपयांवर संगणक चालवायचो.
सर पाठीशी उभे राहून म्हणायचे, मागे घे.
मी आभाळ मागे घ्यायचो,
शंभर वर्षं, पाचशे, हजार,
ध्रुवाची खुर्ची रिकामी होईपर्यंत.

शनी रोहिणीला पीडतोय का बघ.
तेरा दिवसांत दोन ग्रहणं बघ.
अरुंधती वसिष्ठाच्या पुढे चालतेय?
चालत नव्हती. मी खोटं कशाला सांगू.
दोन ठिपके, एक आरामात मागे.
सर चष्मा पुसायचे. आणखी मागे घे.

तुर्भ्याच्या रंगांच्या कंपनीत
छत्तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली त्यांनी,
त्यामुळे आकडा कधी उघडा सोडायचे नाहीत.
पुढे अधिक-उणे.
हिरव्या वहीत युद्धाचं साल तीनदा खोडलेलं,
शेवटच्यापुढे, अधिक-उणे अकराशे.
अकराशे वर्षं, सर?
त्यात तर सगळंच बसतं, मी म्हणालो.
बसतं, म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.

आमच्या घरी एकच तारीख होती, एक जून.
माझी एक जून, भावाची एक जून.
करावे गावच्या शाळेत गुरुजींनी एका दुपारी
अख्खा वर्ग जन्माला घातला.
आयला तीही नव्हती.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड निघाला,
सिडकोतल्या साहेबाने वय विचारलं,
तर म्हणाली, मिठागराचा बांद फुटला
तवा मी आयच्या पोटान.
कुठला बांध? कुठल्या साली?
साहेबाला कुणी सांगावं, बांध
त्याच्या खुर्चीखालीच आहे म्हणून.
मग सरकारी डॉक्टरने तिचे दात बघितले,
बैलाचे बघतात तसे,
आणि लिहिलं, अंदाजे साठ ते सत्तर.
म्हणजे पासष्ट, अधिक-उणे पाच.
सरांपेक्षा बरं.

एका संध्याकाळी मोतीबिंदू काढून तिला घरी आणताना
वाटेत सरांकडे पैसे घ्यायला थांबलो.
एका डोळ्यावर पट्टी, पदरात औषधाची पिशवी,
सोफ्याच्या अगदी कडेला बसली.
सरांनी तिला सगळं सांगितलं,
दूधवाल्यालाही सांगायचे तसं.
बाणांवर पडलेला तो म्हातारा,
उत्तरायणापर्यंत मरण थोपवून धरलेला,
त्याच्यावरून उलटे मोजत आणलेले दिवस.
तेव्हा पहिल्या दिवशी, बाई, अमावास्या असावी.
पण खात्री नाही.

आमोशा? आयने बोटांच्या पेरांवर काहीतरी केलं.
मंग बाराला भरती भरली असल.
सर हसले. अहो, तिथे समुद्र नाही.
तथं नसल, ती म्हणाली. यथं तं होता.

जाळीवर कबुतर येऊन बसलं, उडालं.
सरांनी वही ओढली. बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं:
पहिला दिवस. खाडी. भरती, दुपारी बारा.
पुढे अधिक-उणेची खूण केली,
पेन तसंच टेकवून ठेवलं
आणि आयकडे बघत विचारलं,
किती चुकत असेल?

पाऊन तास, ती म्हणाली.
वारा असला तं.